कारमोरे बाई कुठं बसतात?

नंदिनी वैरागडे आमच्या परीक्षा विभागात लागल्या, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायची वेळ कोणावर आली नाही. पहिल्याच दिवशी त्यांचे यजमान अनुपराव त्यांना स्कूटरवर सोडून गेले, फाटकापर्यंत पोचले आणि परत फिरून आमच्या खिडकीशी येऊन ओरडले, "नंदिनी, डबा राह्यला व तुहा!"

सगळ्या विभागानं मान वर केली. त्या उठल्या, खिडकीतून डबा घेतला आणि जागेवर येऊन बसल्या. तेव्हापासून त्या आमच्या नंदिनीताई. ही गोष्ट १९९४ सालची.

आमचं विद्यापीठ वर्ध्याहून हिंगणघाटला जाताना वायगावच्या अलीकडे लागतं. खाजगी आहे, त्यामुळे बगिचा मोठा आणि नोकरवर्ग लहान. मी पवनारहून बसनं यायचो. नंदिनीताई पुढं स्वतःच्या लुनावर यायला लागल्या. आमची टेबलं एकमेकांना लागून होती. माझ्याकडे गुणपत्रिका आणि त्यांच्याकडे बाहेरगावचे पेपर काढणारे प्राध्यापक. माझं काम जास्त होतं, त्यांचं जास्त अवघड होतं. प्राध्यापकाकडून वेळेवर पेपर काढून घेणं ज्यानं केलं आहे त्यालाच ते कळेल.

त्या कधी आवाज चढवत नसत. पत्र लिहीत. एकदा अमरावतीच्या एका विभागप्रमुखांना त्यांनी लिहिलं होतं, 'महोदय, आपल्या प्रश्नपत्रिकेची आम्ही वाट पाहत आहोत. विद्यार्थीही पाहत आहेत, पण त्यांना घाई नाही.' पेपर दुसऱ्या दिवशी माणसाहाती आला.

दोन हजार दोनमध्ये विद्यापीठात ई-मेल आला. नागपूरच्या एका कंत्राटदाराचा माणूस प्रत्येक टेबलाशी येऊन "नाव?" असं विचारायचा आणि सांगू ते नाव टाकून पुढं जायचा. नंदिनीताईंनी नंदिनी सांगितलं. झालं खातं. पुढल्या सहा वर्षांत पेपर काढणाऱ्यांचा सगळा पत्रव्यवहार त्या खात्यात गेला. कोण दर वर्षी आजारी पडतो, कोणाला दोनदा आठवण द्यावी लागते, कोणाच्या घरी फोन बायको उचलते आणि खरं सांगते, हे सगळं त्यात होतं.

मग गुण भरायची वेगळी प्रणाली आली, तिचा वेगळा पासवर्ड. ग्रंथालयाचा वेगळा. विद्यार्थ्यांच्या नोंदणीचा वेगळा. लोक विसरायचे, आणि संगणक कक्षातला धीरज थूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे पासवर्ड बदलून द्यायचा. धीरज इंजिनीअर होता, हुशार होता, आणि त्या कामासाठी आपण इंजिनीअर झालो नव्हतो असं त्याचं मत होतं. म्हणून २००८ च्या पावसाळ्यानंतर त्यानं कुलगुरूंकडून मंजुरी आणली, की आता प्रत्येकाला एकच लॉगिन राहील. मेल, गुण, रजा, पगारपत्रक, सगळं त्यातूनच उघडेल, आणि जुनी मेलखाती बंद होतील.

सभागृहात सगळ्यांना बोलावून त्यानं हे समजावून सांगितलं. फळ्यावर बऱ्याच दारांचं घर काढलं. "आता प्रत्येक दाराले वेगळी किल्ली नाई," तो म्हणाला. "एकच किल्ली. एक माणूस, एक नाव, एक पासवर्ड."

वनस्पतिशास्त्राच्या प्रमुखांनी विचारलं, "अन् किल्ली हरवली तं?"

"तर सर, तुम्ही बाहेर."

"अन् चोराले सापडली तं?"

"तर सर, तो आत."

यावर चर्चा होणार होती, पण चहा आला.

नवी खाती धीरजनं पगाराच्या नोंदीवरून तयार केली. तिथं जे नाव आणि आडनाव असेल तेच लॉगिन. प्रत्येकाच्या नावाचं बंद पाकीट आस्थापना विभागात ठेवलं होतं, सही करून न्यायचं. मी माझं आणलं. नंदिनीताई गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. वैरागडे नावाचं पाकीट नव्हतं.

त्या धीरजकडे गेल्या. मीही सोबत होतो, कारण माझा तात्पुरता पासवर्ड चालत नव्हता. धीरजनं बराच वेळ पडद्यावर वर-खाली पाहिलं.

"मॅडम, तुम्ही नाईच."

"कुठं नाई?"

"यादीत. पगाराच्या नोंदीत वैरागडे कोणीच नाई."

"मंग मी इथं काय करून राह्यली?"

"मले माहीत हाय जी, तुम्ही हाव," धीरज समजुतीनं म्हणाला. "पण सिस्टीमले माहीत नाई. आस्थापनाकडून लेखी आणा, मी नवीन टाकून देतो."

त्या जागेवर परत आल्या. हिवाळी परीक्षा तोंडावर होती. जुनं खातं बंद झालं होतं आणि सहा वर्षांची पत्रं त्यात अडकली होती. त्यांनी आठवतील तेवढ्या प्राध्यापकांना फोन लावायला सुरुवात केली. आस्थापनाकडे त्या काही गेल्या नाहीत. मी दोनदा आठवण केली, तर म्हणाल्या, "जाईन ना भाऊ."

तेवढ्यात दुसरंच एक प्रकरण निघालं. ज्यांनी नवं लॉगिन एकदाही वापरलं नाही अशांची यादी धीरजनं उपकुलसचिवांना दिली. उपकुलसचिव प्रभाकरराव नुकतेच बदलून आले होते आणि याद्या वाचायचे. त्या यादीत दोघं वारलेले होते, एक प्राध्यापक जर्मनीत होते, एकांनी संगणकाला हात लावणार नाही असं लेखी दिलेलं होतं, आणि एक होत्या कु. अन्नपूर्णा बापूराव कारमोरे. बाकीच्यांची कारणं समजण्यासारखी होती. कारमोरे बाईंचं काही कळेना. त्यांचा पगार दर महिन्याला बँकेत जात होता. वेतनवाढही लागत होती. पण त्यांना विद्यापीठात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

ही बातमी कँटीनमध्ये पोचायला वेळ लागला नाही. कारमोरे बाई कोण्या विश्वस्ताच्या नात्यातल्या आहेत आणि घरी बसून पगार उचलतात, एवढं पहिल्या दिवशी ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला बंगला मिळाला. तिसऱ्या दिवशी गाडी. आम्ही चहा घेत होतो तेव्हा लेखा विभागातला एकजण हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होता.

नंदिनीताईंनी बशी खाली ठेवली. "गाडी कोणत्या रंगाची हाय म्हंता?"

"पांढरी," तो म्हणाला.

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि उरलेला चहा प्यायल्या.

त्याच आठवड्यात दुपारी चंद्रभान शिपाई आमच्या विभागात आला. हातात उपकुलसचिवांची नोटीस होती, सोबत पोच घ्यायची वही. दारातूनच त्यानं विचारलं, "कारमोरे बाई कुठं बसतात?"

"इथं नाई बसत," मी म्हणालो. "कुठंच नाई बसत. त्यावरूनच तं सारं चाललं हाय."

"नोटिशीवर परीक्षा विभाग लिहिलं हाय, हरिदासभाऊ."

नंदिनीताई पाकिटांवर शिक्के मारत होत्या. शिक्का पॅडवर ठेवून त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं."

"तुम्ही द्यान त्यायले?"

"हाव."

त्यांनी वही घेतली आणि सही केली. चंद्रभान गेला. मी वाकून पाहिलं होतं. सही वळणदार होती, सरावातली होती, आणि अ. बा. कारमोरे अशी होती.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी नोटीस उघडून वाचली, घडी केली आणि म्हणाल्या, "भाऊ, मीच हाय ते."

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांचं माहेर पुलगावचं. वडील बापूराव कारमोरे, स्टेशनकडे किराणा दुकान. मुलीचं नाव अन्नपूर्णा. शाळा, कॉलेज, टायपिंगची परीक्षा, सगळं त्याच नावावर. एक्याण्णव साली वर्ध्याच्या वैरागड्यांकडे लग्न झालं. त्यांचं पाइप-फिटिंगचं दुकान. अडचण एकच होती, की सासूबाईंचं नावही अन्नपूर्णाबाई होतं. एका घरात दोन अन्नपूर्णा कशा चालतील? लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं, नंदिनी. अनुपरावांनी ते नाव बरेच दिवस विचार करून काढलं होतं. ताटावर लिहिताना पहिली वेलांटीही दीर्घच आली, पण तांदळात कोण पाहतो?

तीन वर्षांनी नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा प्रमाणपत्रं सगळी अन्नपूर्णाची होती. म्हणून अर्ज तिनं केला, मुलाखत तिनं दिली, आदेश तिच्या नावानं निघाला. रुजू व्हायला आली तीही अन्नपूर्णाच. पण डबा नंदिनीचा राहिला, आणि आम्ही सगळ्यांनी तो ऐकला.

आस्थापना विभागातल्या मधुकररावांना दोन्ही नावं ठाऊक होती. आमचा हजेरीपट वैरागड्यांचा यायचा, ते तो कारमोऱ्यांच्या नावे मांडायचे. विवाहाचं प्रमाणपत्र आणा, नाव बदलून टाकू, असं त्यांनी सुरुवातीला म्हटलं होतं. पुढं त्यांनी म्हणायचं सोडलं आणि यांनी आणायचं. आदल्या वर्षी मधुकरराव निवृत्त झाले. जाताना त्यांनी कपाटं दिली, किल्ल्या दिल्या, शिक्के दिले. ही एक गोष्ट तेवढी द्यायची राहिली.

"पण ताई," मी म्हणालो, "धीरज यादी पाहून राह्यला होता तेव्हाच काऊन नाई सांगितलं?"

"मनात आलंतं," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, कोणी हाक मारली नाई, मंग कायले ओ द्या?"

"अन् ते पांढरी गाडी?"

"ते ऐकून तं मलेच बरं वाटलं."

उपकुलसचिवांनी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. साक्षीला म्हणून मी गेलो. धीरजही होता. प्रभाकरराव साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बसायला सांगितलं आणि दाराकडे पाहिलं.

"कारमोरे बाई येत आहेत का?"

"आल्या," नंदिनीताई म्हणाल्या.

"कुठं आहेत?"

"ह्या काय."

साहेबांनी आमच्या विभागाचा तक्ता काढून पाहिला. "तुम्ही वैरागडे आहात."

"हो सर."

"मग कारमोरे?"

"त्याही मीच."

साहेबांनी तक्त्याची घडी केली. चोर सापडला नाही याचं त्यांना वाईट वाटलं असावं असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. ते पुढचा विचार करत होते. "म्हणजे कारमोरे बाईंची नेमणूक आहे, पगार आहे, आणि त्या कामावरही आहेत," ते म्हणाले. "मग प्रश्न असा, की वैरागडे बाई कोण? त्यांचा नेमणुकीचा आदेश कुठं आहे? चौदा वर्षं त्या परीक्षेसारख्या गोपनीय विभागात बसतात, बाहेर पत्रं पाठवतात. कोणाच्या आदेशानं?"

नंदिनीताई म्हणाल्या, "सर, पत्रं तं चांगलीच लिहिते ते."

साहेबांनी मान डोलावली. त्यांनी ती वाचली होती.

शेवटी दोन रस्ते निघाले. नंदिनी वैरागडे व्हायचं असेल तर प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, राजपत्रात नाव, मग सगळ्या नोंदी बदलायच्या. नाहीतर अन्नपूर्णा कारमोरे म्हणून काम करायचं, आणि मेलपासून सहीपर्यंत सगळीकडे तेच नाव लावायचं. दोन्ही चालणार नाही. धीरज म्हणाला, "मॅडम, कोणतंही सांगा, मले पाच मिनिटांचं काम हाय. पण एकच सांगा."

त्या म्हणाल्या, "घरी इचारून सांगते."

घरी काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं.

अनुपरावांना यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. "नंदिनी करून टाक. नोटरी ओळखीचा हाय, उद्याच जाऊ." त्या म्हणाल्या, थांबा जरासं. का थांबा ते त्यांना नीट सांगता आलं नाही. नोटिशीवर अन्नपूर्णा बापूराव कारमोरे असं टाइप केलेलं पाहिलं, तेव्हा पुलगावच्या बाजारात मागून कोणी हाक मारल्यासारखं झालं होतं. आई-वडील दोघंही गेले होते. भाऊ ताई म्हणायचा. त्या नावाची हाक किती वर्षांत ऐकली नव्हती.

पण घरात ते नाव दुसऱ्या कोणाचं होतं. म्हणून त्या आधी सासूबाईंकडे गेल्या. अन्नपूर्णाबाई मागच्या पडवीत अंबाडी निवडत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून पानं बोटांनी चाचपून तोडायच्या. सुनेनं समोर बसून सांगायला सुरुवात केली.

"आई, हापिसात म्हंतात का एकच नाव ठेवा."

"मंग ठेव ना. दोन कायले पाह्यजे?"

"कागदावर अन्नपूर्णा हाय."

सासूबाईंचा हात थांबला. "ते तं माहं नाव हाय."

"माहं बी होतं, आई. जन्मापासून."

"माहीत हाय मले. म्हणूनच तं बदललं. एकानं आवाज दिला असता, तं ओ कोणी द्याची?" त्यांनी पुन्हा पानं तोडायला घेतली. "अन् आता काय झालं? इतकी वर्षं चाललं ना?"

"आता कॉम्प्युटर आला. त्याले एक माणूस, एक नाव पाह्यजे. अन् आणखी एक पाह्यजे म्हंतात. पासवर्ड भुलला तं तो एक प्रश्न इचारते, त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवा लागते."

"कोणता प्रश्न?"

"आईचं लग्नाच्या आधीचं नाव."

"त्याले कायले पाह्यजे ते?"

"कोणाले माहीत नसते म्हणून."

सासूबाई पानं तोडत राहिल्या. मग सुनेला काय वाटलं कोण जाणे, तिनं विचारलं, "आई, तुमचं लग्नाच्या आधी काय होतं?"

"सुंदरा," सासूबाई म्हणाल्या. एवढं चटकन म्हणाल्या, की सुनेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सुंदरा महादेव लाखे. देवळीची."

"मंग अन्नपूर्णा?"

"माह्या सासऱ्यानं ठेवलं. त्यायले सुंदरा नाव घरंदाज वाटे ना. तमाशातल्या बाईसारखं वाटे म्हणत. मले कोणी इचारलं नाई, सांगितलं बी नाई. पानावर बसले होते सारे, अन् सासू म्हणे, अन्नपूर्णा, वरण आण. मी उभीच. मले वाटलं, मागं कोणी दुसरी हाय. मी मागं वळून पाह्यलं तं सारे हसले."

"मंग?"

"मंग काय? वरण आणलं."

दोघी थोडा वेळ अंबाडी निवडत बसल्या. नंदिनीताई मला म्हणाल्या, की लग्न होऊन आले तेव्हापासून मला ह्या बाईंचा राग होता. माझं नाव त्यांच्यापायी गेलं असं वाटे. भांडण कधी झालं नाही, पण राग होता. आणि ज्याच्यापायी गेलं ते नाव त्यांचंही नव्हतं.

भाजी संपत आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घेऊन घे तू."

"काय?"

"नाव. मले आता त्या नावानं बोलावणारं राह्यलं कोण? पोरं आई म्हंतात, नातवं आजी म्हंतात, गल्लीतले काकू म्हंतात. तुहे सासरे होते, तं ते बी 'अवं' म्हणत. माह्याकडे ते पडूनच हाय."

अनुपराव मात्र थोडे दुखावले. "मंग मी घरी काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"नंदिनीच म्हणा. तुम्ही ठेवलेलं हाय."

"इचार करून ठेवलं होतं मी."

"माहीत हाय. चांगलं हाय ते नाव. मी कुठं टाकून राह्यली?"

सोमवारी त्यांनी उपकुलसचिवांना निर्णय सांगितला. साहेबांना वाटलं होतं त्या नंदिनी होतील. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा नमुनाही मागवून ठेवला होता. "नक्की का?" त्यांनी विचारलं.

"सर, नंदिनी व्हायचं तर साक्षीदार पाहिजेत, राजपत्र पाहिजे. अन्नपूर्णा व्हायला काहीच लागत नाही. मी आहेच."

साहेबांना हे पटलं. तरी मागच्या पत्रांचा प्रश्न होता, म्हणून त्यांनी एक आदेश काढला. सौ. नंदिनी वैरागडे या नावाने आजवर करण्यात आलेला पत्रव्यवहार कु. अन्नपूर्णा कारमोरे यांनीच केला आहे असे समजण्यात यावे. त्यातलं 'कु.' काढा असं त्या म्हणाल्या, कारण मोठा मुलगा कॉलेजात जात होता. साहेब म्हणाले, ते काढायला विवाहाचा दाखला लागेल. मग नंदिनीताईंनी तो विषय वाढवला नाही.

धीरजला खरोखरच पाच मिनिटं लागली. जुन्या खात्यातली सगळी पत्रं त्यानं नव्या नावाखाली आणली. मग खुर्ची त्यांच्याकडे सरकवून म्हणाला, "आता पासवर्ड टाका मॅडम, अन् खाली प्रश्नाचं उत्तर. आमी तिकडं पाहतो."

आम्ही दोघं खिडकीबाहेर पाहत उभे राहिलो. त्यांनी कोणता प्रश्न निवडला आणि कोणत्या आईचं नाव टाकलं, की भलतंच काही टाकलं, ते मला माहीत नाही. तसा नियमच होता. वळलो तेव्हा पडद्यावर इंग्रजीत त्यांचं स्वागत आलं होतं, नावानिशी. त्यांनी लगेच काही उघडलं नाही. चष्मा वर सरकवला आणि ती अक्षरं ओठ हलवून वाचली, लहान मूल पाटी वाचतं तशी.

"बराबर हाय ना मॅडम स्पेलिंग?" धीरजनं विचारलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "आमच्या मास्तरानं असंच शिकवलं होतं."

मग त्या कामाला लागल्या. काम साचलेलं होतं.

पुढं दोन महिने बाहेरगावचे प्राध्यापक गोंधळात होते. वैरागडे बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी कारमोरे आल्या आहेत, असा सगळ्यांचा समज झाला. यवतमाळच्या एका सरांनी पेपर द्यायला उशीर केला, तेव्हा त्यांना नेहमीसारखं पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं, की आपण नवीन दिसता, म्हणून सांगतो, आपल्या आधीच्या वैरागडे मॅडमची भाषा फार नम्र होती, आपण त्यांच्याकडून काही शिकावं.

त्यांनी ते मला वाचून दाखवलं. मग उत्तर लिहिलं, 'महोदय, वैरागडे मॅडमशी बोलणे झाले. पेपर शुक्रवारपर्यंत यावा असे त्यांचेही म्हणणे आहे.'

पेपर गुरुवारी आला.

आमच्या विभागात मात्र काही बदललं नाही. आम्ही जुने लोक नंदिनीताई म्हणायचो. पुढल्या वर्षी रक्षा मून नावाची मुलगी नवीन लागली. तिनं नाव संगणकावरच पाहिलं होतं, म्हणून ती पहिल्यापासून अन्नपूर्णा मॅडम म्हणायला लागली. एकदा अनुपरावांचा फोन आला आणि नंदिनी आहे का विचारलं, तर ती म्हणाली, त्या नावाचं इथं कोणी नाही, आणि ठेवून दिला. अनुपराव स्कूटर घेऊन आले. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही. पाणी प्यायले आणि गेले.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं. सावंगीच्या दवाखान्यात. अनुपरावांना दुकान सोडता येत नव्हतं, आणि नंदिनीताईंनी रजा टाकली होती. ती आता संगणकावरूनच टाकायची. मीही त्या दिवशी भाच्याला भेटायला सावंगीला गेलो होतो, म्हणून ऑटो सोबतच केला.

खिडकीपाशी गर्दी होती. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

सून सांगणार तेवढ्यात सासूबाई खिडकीच्या गजाला धरून पुढं झाल्या. "सुंदराबाई," त्या म्हणाल्या. "सुंदराबाई वैरागडे."

मी नंदिनीताईंकडे पाहिलं. त्या पर्समध्ये सुटे पैसे शोधत होत्या.

"सोबत कोण?" माणसानं विचारलं.

"सून हाय," सासूबाई म्हणाल्या. "लिहा, अन्नपूर्णा."

त्यानं लिहिलं. रेशन कार्ड कोणी मागितलं नाही. केसपेपर मिळाला आणि आम्ही डोळ्यांच्या विभागाबाहेर बाकावर जाऊन बसलो. बराच वेळ गेला. माझा भाचा येऊन भेटून गेला. सासूबाईंनी घरून आणलेले मुरमुरे आम्हा दोघांना दिले आणि ऑपरेशनच्या आधी खायचं नाही म्हणून स्वतः खाल्ले नाहीत.

नर्स दारात आली. "सुंदराबाई!"

कोणी उठलं नाही. नर्सनं इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा हाक मारली. सासूबाईंनी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"आई," सून म्हणाली, "तुमालेच बोलावून राह्यल्या."

"हाव का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मुरमुऱ्याची पिशवी माझ्याकडे दिली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि नर्सच्या मागं गेल्या.